पेढीवरचा 'ऑल-इन-वन' : सुधारावा की बदलावा?

गेल्या दिवाळीत वीर निर्वाण संवत २५५२ लागले, तेव्हा वाशिम जिल्ह्यातील अनेक पेढ्यांवर वहीपूजनाच्या पाटाशेजारी संगणकही होता. लाल वहीवर केशराचे स्वस्तिक उमटले, 'शुभ' आणि 'लाभ' लिहिले गेले, आणि एखाद्या हौशी नातवाने संगणकाच्या कडेलाही कुंकवाचे बोट लावले. त्या संगणकाच्या दृष्टीने मात्र तो काळ फारसा शुभ नव्हता. आदल्याच मंगळवारी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीला सुरक्षेच्या नियमित सुधारणा देणे थांबवले होते. त्या दिवशी संगणक बंद पडला नाही. सोयाबीनच्या ऐन हंगामात त्याच्याकडे पाहण्याची कोणाला सवडही नव्हती. हंगाम ओसरला, मार्चअखेर जवळ आली, आणि मग जेवणाच्या पाटावर विषय निघू लागला : सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला हा 'ऑल-इन-वन' सुधारून घ्यावा, की नवाच आणावा?

घरातील दोन पिढ्यांची उत्तरे ठरलेली असतात. थोरले म्हणतात, चालतो आहे तोवर चालवा. मुलगा म्हणतो, दहा मिनिटे तर सुरू व्हायलाच लागतात, काढून टाका. दोघांच्याही म्हणण्यात अर्धे सत्य आहे. चालतो आहे म्हणजे तो सुरक्षित आहे असे नव्हे, आणि हळू झाला म्हणजे म्हातारा झाला असेही नव्हे. कित्येकदा त्याचा एकच अवयव थकलेला असतो, आणि तो बदलता येतो.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत ॲपल कंपनीचा 'आयमॅक' विक्रीस आला आणि पडदा व संगणक एकाच पेटीत असण्याची कल्पना सामान्य घरांत पोहोचली. कल्पना त्याहून जुनी. त्याच कंपनीचा १९८४ चा 'मॅकिंटॉश' हाही एका पेटीतलाच होता. विदर्भातील अडत दुकानांत आणि कापड-किराण्याच्या पेढ्यांवर हे यंत्र रुजले ते पुष्कळ नंतर. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि ज्यांचे सारे काम वही व दिवाणजी यांच्यावर चालत होते, त्यांनाही संगणक घेणे भाग पडले. गादी, तिजोरी आणि काटा यांच्यामधल्या अरुंद जागेत मोठा डबा, वेगळा पडदा आणि तारांचा गुंता मांडण्यापेक्षा एका पायावर उभा राहणारा, एकाच वायरीवर चालणारा, दिसायलाही नीटस असा 'ऑल-इन-वन' सोयीचा वाटला. निवड चुकीची नव्हती. त्या निवडीची किंमत मात्र सुधारणेची वेळ येते तेव्हा कळते.

पेटीच्या आत काय असते?

'ऑल-इन-वन' हा टेबलावर उभा दिसत असला, तरी त्यातील बहुसंख्य यंत्रे आतून लॅपटॉपच असतात. जागा कमी, हवा खेळायला वाव कमी, म्हणून त्यांत कमी वीज खाणारा, लॅपटॉपसाठी घडवलेला प्रोसेसर बसवलेला असतो आणि तो मुख्य पाटीवर कायमचा डाखलेला असतो. मोठ्या डब्याच्या संगणकात प्रोसेसर काढून दुसरा बसवता येतो; येथे ते जवळजवळ अशक्य. ग्राफिक्सचे कार्ड घालण्यास जागा नाही. वीजपुरवठ्याचा अडॅप्टर बाहेर असतो. तो जळाला तर बदलता येतो, एवढी एक सोय. पडदा, पाटी आणि पंखा एकाच सांगाड्यात असल्याने एक निकामी झाले की उरलेली दोन धडधाकट असूनही अडकून पडतात.

बदलता येण्याजोगे अवयव साधारणपणे दोनच : माहिती साठवणारी डिस्क आणि रॅम. सुदैवाने पेढीवरचा संगणक ज्यामुळे रेंगाळतो, ते बहुधा हेच दोन अवयव असतात.

त्यातही डिस्क आधी. २०१७ ते २०१९ च्या सुमारास विकल्या गेलेल्या स्वस्त व मध्यम किमतीच्या यंत्रांत एक टेराबाइटची फिरती हार्डडिस्क असे. 'एक टीबी' हा आकडा ऐकून गिऱ्हाईक खूश होत असे. ती डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते, आणि शिवाय ते डोके जागेवर सरकण्यास वेळ लागतो तो वेगळा. एक नोंद वाचायला हा उशीर जाणवत नाही. पण संगणक सुरू होताना, किंवा हिशोबाच्या प्रणालीत वर्षभराची खतावणी उघडताना, इकडे-तिकडे विखुरलेले हजारो लहान तुकडे वाचावे लागतात. हजार तुकड्यांना दहा सेकंदांहून अधिक वेळ सहज जातो. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसते; तेथे तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास हाती येतो. जुन्या दिवाणजीला प्रत्येक नोंदीसाठी माळ्यावर चढून बस्ता उतरवावा लागावा आणि नव्याच्या हाताशी सर्व वह्या उघड्या असाव्यात, असा हा फरक आहे. दिवाणजीची बुद्धी तीच, चढउतार गेली.

म्हणूनच फिरती डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली की सात वर्षांचा संगणक एकाएकी तरुण झाल्यासारखा भासतो. दहा मिनिटांनी सुरू होणारा मिनिटाभराच्या आत सुरू होतो. अडत दुकानात हंगामाच्या दिवसांत ट्रॅक्टर दाराशी उभे, शेतकरी हिशोबपट्टीची वाट पाहत, मागे मोटारींची रांग, अशा वेळी वाचलेल्या या मिनिटांचे मोल तिजोरीत मोजता येत नसले तरी दाराशी उभ्या माणसाला ते कळते.

रॅमचे काम वेगळे. ती म्हणजे कामाचा पाट. पाट लहान असेल तर एक वही उचलून ठेवल्याशिवाय दुसरी उघडता येत नाही. त्या काळातील पुष्कळ यंत्रे ४ जीबी रॅमची आहेत. हिशोबाची प्रणाली, जीएसटीचे संकेतस्थळ, बँकेचे पान आणि कोपऱ्यात उघडे ठेवलेले बाजारभाव, एवढे एकत्र चालवले की ४ जीबी पुरत नाही. संगणक मग उरलेले सामान डिस्कवर ठेवतो, आणि डिस्क फिरती असेल तर दुहेरी रखडपट्टी होते. ८ जीबीवर पेढीचे सर्व काम निर्वेध चालते. १६ जीबीचा आग्रह धरणारा विक्रेता पेढीचा विचार करत नसतो.

पैसे घालण्यापूर्वीची परीक्षा

आता मूळ प्रश्न. हे दोन अवयव बदलण्याचा खर्च करावा की नाही, हे ठरवण्यासाठी कारागिराला बोलावण्यापूर्वी घरच्या घरी दोन गोष्टी पाहता येतात.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात डिस्कच्या नावाखाली 'एचडीडी' की 'एसएसडी' हे लिहिलेले असते. नेहमीचे काम चालू असताना तेथे डिस्कचा आकडा वरचेवर १०० टक्क्यांना टेकत असेल आणि प्रोसेसरचा आकडा मात्र वीस-तीस टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर रोग डिस्कमध्ये आहे. उलट, डिस्क शांत आणि प्रोसेसरच सतत शंभराला चिकटलेला असेल, तर डिस्क बदलून फारसे काही साधणार नाही. कमी किमतीच्या यंत्रांत सेलेरॉन नावाचे अगदी दुबळे, दोन गाभ्यांचे प्रोसेसर असत. त्यांची दमछाक कोणत्याही औषधाने जात नाही.

दुसरी गोष्ट त्याच जागी दिसते : प्रोसेसरचे नाव. हीच खरी कसोटी. 'विंडोज ११' ला इंटेलच्या प्रोसेसरांपैकी साधारणपणे आठव्या पिढीचे आणि पुढचे चालतात. त्याखेरीज टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण लागते. 'कोअर आय-थ्री ८१३०' यात ८ हा आकडा पिढी सांगतो. '७०२०' किंवा '७१००' असेल तर ती सातवी पिढी, आणि 'विंडोज ११' चे दार तिला अधिकृतपणे बंद आहे. येथे एक फसगत संभवते. सातव्या पिढीचे काही प्रोसेसर २०१८ साली आणि त्यानंतरही नव्या यंत्रांतून विकले गेले. म्हणून खरेदीचे वर्ष पाहून निष्कर्ष काढू नये, नाव पाहावे. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे विनामूल्य साधनही हा निवाडा देते.

या दोन उत्तरांवर निर्णय उभा राहतो. डिस्क फिरती आणि प्रोसेसर आठव्या पिढीचा वा पुढचा असेल, तर सुधारणा नि:संशय करावी. एसएसडी, गरज असल्यास रॅम, पंख्याची सफाई आणि 'विंडोज ११' एवढ्यावर तो संगणक आणखी तीन-चार वर्षे पेढीची सेवा करील. डिस्क फिरती आणि प्रोसेसर सातव्या पिढीचा किंवा मागचा असेल, तर त्याच्यावर पेढीचा मुख्य हिशोब पुढे ठेवू नये. व्यक्तिगत वापराच्या संगणकांसाठी 'विंडोज १०' च्या सुरक्षा-सुधारणा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत नोंदणी करून मिळतात. व्यावसायिक वापरासाठी वेगळी, सशुल्क योजना आहे. ही मुदत नवी सोय पाहण्यासाठी दिलेला अवकाश समजावी.

गावोगावचे कारागीर यावर एक तोड सुचवतात : अटी चुकवून जुन्या यंत्रावर 'विंडोज ११' घालून देतो. तसे घालता येते हे खरे. पण अशा यंत्रांना पुढील सुधारणा मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि सुधारणा मिळाव्यात म्हणूनच तर सारा खटाटोप आहे. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात आणि शेकडो गिऱ्हाइकांची येणी-देणी ज्यात आहेत, त्याच्याबाबत ही तडजोड करू नये.

याच ठिकाणी दुसऱ्या एका प्रलोभनाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. प्रणाली किंवा हिशोबाचे सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून फुकट घालून देणारे सर्वत्र आहेत. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'तदाहृतादान' म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे हा एक आहे आणि 'प्रतिरूपक व्यवहार' म्हणजे अस्सलाच्या नावावर नक्कल खपवणे हा दुसरा. पहिला अतिचार क्रॅक घेणाऱ्याला लागू पडतो. दुसरा हल्ली डिस्कच्या बाजारातच पाहायला मिळतो : वर '१ टीबी' छापलेली, आत त्याच्या दहाव्या हिश्शाचीही जागा नसलेली एसएसडी, अर्ध्या किमतीत. ती भरत आली की जुन्या नोंदी निमूटपणे नाहीशा होऊ लागतात. म्हणून अवयव नामांकित बनावटीचा, पक्क्या बिलावर आणि हमीपत्रासह घ्यावा. अकोला किंवा अमरावतीहून मागवावा लागला तरी चालेल. बिलावर क्रमांक असावा. जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्या पेढीला त्या बिलावरील १८ टक्के कराचे क्रेडिटही मिळते.

खर्चाचा ताळेबंद

दोन-तीन वर्षांपूर्वी हा हिशोब अगदी सोपा होता. ५०० जीबीची चांगली एसएसडी तीन हजारांच्या आत-बाहेर आणि ८ जीबी रॅम दोन हजारांच्या आत मिळत असे. २०२५ च्या अखेरीपासून चित्र पालटले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर उभ्या राहत असलेल्या महाकाय संगणक-केंद्रांनी मेमरी चिपांची मागणी एवढी वाढवली की, कारखान्यांनी आपला माल तिकडे वळवला आणि किरकोळ बाजारात रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील मायक्रॉन कंपनीने 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम व एसएसडी विकण्याचा आपला व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. भारतातही हे नाव अनेक कारागिरांच्या तोंडी होते. कॅलिफोर्नियातील केंद्रांची भूक कारंज्यातल्या दुकानदाराच्या बिलात उतरते, हे धान्याच्या व्यापाऱ्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. शिकागोच्या सोयाबीनचा भाव तो रोज पाहतो.

भाव चढले असल्याने क्रम पाळणे अधिक महत्त्वाचे झाले आहे. आधी केवळ एसएसडी घालावी, महिनाभर काम पाहावे, आणि तरीही अडत असेल तरच रॅम घ्यावी. एसएसडीही एक टीबीची लागत नाही. पेढीच्या अनेक वर्षांच्या हिशोबाची माहिती बहुधा काही जीबींतच मावते. २५० किंवा ५०० जीबी पुरे. जागा व्यापलेली असते ती लग्नाच्या चित्रफितींनी, आणि त्यांची जागा पेढीच्या संगणकात नाही.

सर्व मिळून सुधारणेचा खर्च नव्या संगणकाच्या किमतीच्या चौथाईपेक्षा पुढे जात असेल, तर हात आखडावा. नवा बऱ्यापैकी 'ऑल-इन-वन' चाळीस ते साठ हजारांत येतो, हे धरले तर दहा-बारा हजारांची लक्ष्मणरेषा आखता येते. पडदा फुटला असेल, मुख्य पाटी गेली असेल, किंवा पाय तुटून यंत्र भिंतीला टेकवून ठेवावे लागत असेल, तर ही रेषा पहिल्याच फेरीत ओलांडली जाते. ॲपलच्या यंत्रांचा प्रश्न तर निकालातच निघालेला आहे : २०२१ पासूनच्या 'आयमॅक' मध्ये रॅम आणि साठवण दोन्ही पाटीवर पक्की असतात, खरेदीच्या दिवशी जे घेतले तेच अखेरपर्यंत.

मार्चअखेरच्या खरेदीबाबत एक भ्रम सार्वत्रिक आहे. 'कर वाचतो, घेऊन टाका' असे म्हणत पुष्कळ पेढ्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात संगणक घेतात. प्राप्तिकरात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो हे खरे. पण वस्तू त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली असेल तर त्या वर्षी निम्माच, म्हणजे २० टक्के. मार्चमध्ये पन्नास हजारांचे यंत्र घेतले तर त्या वर्षी घसारा दहा हजारांचा आणि तीस टक्के दराने वाचलेला कर तीन हजारांचा. उरलेला घसारा पुढील वर्षांत मिळतो, बुडत नाही. पण तीन हजार वाचवण्यासाठी मार्चमध्ये पन्नास हजार गुंतवण्याची घाई कशासाठी? जे अनुमानित उत्पन्नाच्या योजनेखाली विवरण भरतात, त्यांना तर घसारा वेगळा मिळतच नाही. नेमका हिशोब आपल्या सीएंकडून करून घ्यावा, परंतु खरेदीचे कारण संगणकाची गरज हे असावे.

वेष्टन आणि पोथी

आतापर्यंत चर्चा यंत्राची झाली. यंत्र ही बदलता येणारी वस्तू आहे. त्यातील हिशोब तसा नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. वाशिमच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्यांची उधारी-उसनवारी विश्वासावर चालते, आणि त्या विश्वासाला आधार असतो तो नोंदीचा. सात वर्षे अखंड फिरलेली डिस्क एखाद्या सकाळी टकटक आवाज करून थांबते तेव्हा बुडतो तो हा आधार. सुधारणेच्या बाजूचे सर्वांत भक्कम कारण वेगाहूनही हेच आहे. फिरत्या डिस्कला वीज अचानक जाण्याचा त्रास होतो, धक्क्याचा होतो, उष्णतेचा होतो. आणि विदर्भात तिन्हींची वानवा नाही. एसएसडी फिरत नसली तरी तीही अमर नसते, आणि जाते तेव्हा बहुधा पूर्वसूचनाही देत नाही. म्हणून दुसरी प्रत हवीच.

हे ज्ञान जैन समाजाला नवे नाही. याच जिल्ह्यातील कारंजा येथे बलात्कार गण, सेनगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे आहेत आणि तेथील शास्त्रभांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते सांभाळली गेली. रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांकडे देशभरच्या अभ्यासकांचे लक्ष गेले. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित केले आणि १९३१ मध्ये ते कारंजा जैन ग्रंथमालेतून छापले गेले. दहाव्या शतकातील कवीची रचना विसाव्या शतकात हाती आली, ती मूळ कागद टिकला म्हणून नव्हे. कागद विरण्यापूर्वी कोणीतरी दुसरी प्रत लिहवून घेत असे, ती दुसऱ्या गावी पाठवत असे, श्रुतपंचमीला पोथ्या उन्हाच्या कवडशात काढून झाडत असे आणि जीर्ण वेष्टन बदलून नव्या कापडात बांधत असे. वेष्टनाचा मोह कोणी धरला नाही, आणि पोथीची हयगय केली नाही.

पेढीच्या संगणकाला हीच रीत लागू करता येते. डिस्क बदलण्याच्या आदल्या दिवशी संपूर्ण हिशोबाचा बॅकअप घ्यावा, आणि कारागिराच्या हाती यंत्र देण्यापूर्वी तो दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. त्यानंतरही तीन प्रती सदैव असाव्यात : एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर घरी, एक इंटरनेटवरील सुरक्षित साठवणीत किंवा दुसऱ्या गावच्या भावाच्या पेढीवर. गल्ल्यातच ठेवलेला पेन ड्राइव्ह चोरी, आग आणि पाणी या तिन्ही वेळी संगणकाच्या सोबतच जातो. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवू नये; खंडणीखोर व्हायरस आला तर जोडलेली प्रतही तो कुलूपबंद करतो. काढलेली जुनी हार्डडिस्क कारागिराकडे ठेवू नये. तिच्यात पेढीचे सारे अंतरंग असते. ती परत मागून घ्यावी आणि वर्षभर कपाटात जपावी.

डिस्क बदलण्यासाठी मागचे झाकण एकदा उघडले गेले की, आणखी एक काम करून घ्यावे. धान्याच्या दुकानातील यंत्रात सोयाबीनचा भुसा, तुरीची धूळ आणि कारंज्याकडे कापसाचे तंतूही साचून पंख्याची जाळी वाकळेसारखी झालेली असते. पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असताना असा पंखा प्रोसेसरला थंड ठेवू शकत नाही, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. मे महिन्यात संगणक अधिक मंद होतो ही तक्रार कल्पनेतली नाही. पंखा झाडून, प्रोसेसरवरील वाळलेला लेप नवा लावण्यास काहीशे रुपये लागतात. पडद्याच्या कडेच्या प्लास्टिकच्या खुंट्या ठिसूळ झालेल्या असतात आणि आतील पट्टीची वायर नाजूक असते, तेव्हा हे काम 'ऑल-इन-वन' पूर्वी उघडलेल्या माणसाकडेच द्यावे. लॅपटॉप दुरुस्त करणारा हात येथे अधिक उपयोगी. श्रुतपंचमी ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर येते. वर्षाची ही सफाई त्या दिवसाशी बांधून घेतली तर विसर पडणार नाही.

बदलायचेच ठरले तर

प्रोसेसर मागच्या पिढीचा निघाला, किंवा खर्च चौथाईची रेषा ओलांडू लागला, की नवे घेणे आले. अशा वेळी पुन्हा 'ऑल-इन-वन' घ्यावा काय? घरच्या दिवाणखान्यासाठी, मुलांच्या अभ्यासासाठी, जेथे देखणेपण आणि जागा या दोन्हींचा प्रश्न आहे, तेथे हरकत नाही. पेढीसाठी मात्र वहीएवढ्या आकाराचा लहान संगणक आणि वेगळा पडदा हा अधिक शहाणा सौदा आहे. तो लहान डबा पडद्याच्या मागे स्क्रूने बसवता येतो, जागा तेवढीच व्यापतो. आणि पाच-सात वर्षांनी डबा बदलावा लागला तरी पडदा, कळफलक, माउस जागेवर राहतात. चांगला पडदा दहा वर्षे सहज चालतो. 'ऑल-इन-वन' मध्ये तोच पडदा पाटीसोबत सती जातो. घेताना एसएसडीच आहे ना, रॅमची दुसरी खाच रिकामी आहे ना, एवढे दोन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत.

रत्नकरंडक श्रावकाचारात परिग्रहपरिमाणाच्या अतिचारांमध्ये 'अतिसंग्रह' आहे आणि 'अतिभारवहन' ही आहे. एक गरजेपलीकडे जमवण्याबद्दल, दुसरा पेलवेल त्याहून अधिक ओझे लादण्याबद्दल. आचार्य समंतभद्रांपुढे प्राणी होते, यंत्रे नव्हती. तरी नवा घेण्याची हौस आणि जुन्याला मरेपर्यंत जुंपण्याची काटकसर या घरातील दोन्ही स्वभावांना ही नावे बसतात, हे गमतीचे आहे.

राहिला पेढीवरून उतरलेल्या यंत्राचा प्रश्न. डिस्क पूर्ण पुसून किंवा बदलून, त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घातली, तर सातव्या पिढीचे यंत्रही पाठशाळेतील मुलांना स्तोत्रांचे ध्वनिमुद्रण ऐकवण्यास, मंदिराच्या कचेरीत पत्रे लिहिण्यास किंवा घरच्या लहानग्याच्या अभ्यासाला उत्तम चालते. हिशोबाच्या नेहमीच्या प्रणाली लिनक्सवर थेट चालत नाहीत, म्हणून पेढीला तो मार्ग नाही. जे यंत्र कोणाच्याच कामाचे उरले नाही, ते भंगाराच्या गाड्यावर घालू नये. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात, पाट्यांतील शिसे मातीत जाते, आणि तो धूर छातीत घेणारा बहुधा एखादा पोरगेलासा मजूर असतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार जुन्या उपकरणांच्या योग्य विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे; त्यासाठी कंपनीच्या ग्राहकसेवा क्रमांकावर विचारणा करावी. एका यंत्रासाठी कोणी वाशिमपर्यंत येईलच असे नाही. बाजारातील दहा-पंधरा पेढ्यांनी आपापली जुनी यंत्रे एकत्र ठेवून एकदाच बोलावले, तर मात्र गाडी येण्याजोगा माल होतो.